चौदा पूर्ण, अठरा अपूर्ण: मधल्या चार वर्षांचा कायदा

माझा पीएचडीचा विषय सांगितला की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "म्हणजे बालमजुरी ना? ती तर बंदच आहे की." दुसरं वाक्य थोड्या वेळाने, जरा आवाज खाली आणून येतं. "आमच्या ओळखीच्यांच्या दुकानात एक मुलगा आहे, पंधरा-सोळाचा असेल. तो चालतो का?"

चालतो. पण सकाळी आठच्या आत चालत नाही, संध्याकाळी सातनंतर चालत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त चालत नाही आणि जेवणाची सुट्टी धरून दिवसाला सहा तासांच्या वर चालत नाही. हे ऐकून लोक हसतात. "मग त्याला ठेवून करायचं काय?" असं एका हॉटेलमालकाने मला अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं. आजचा लेख त्याच्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी कायद्याचं नाव नीट घेऊ, कारण नावातच अर्धी गोष्ट आहे. १९८६ साली आला तेव्हा तो 'बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम' होता. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो 'बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम' झाला. बालक म्हणजे चौदा वर्षं पूर्ण न झालेला, किशोरवयीन म्हणजे चौदा पूर्ण पण अठरा अपूर्ण. बालकाला कामावर ठेवायला सरसकट बंदी आहे, अपवाद दोनच, त्यांच्याकडे पुढे येतो. किशोरवयीनाला बंदी फक्त धोकादायक कामांत: खाणी, ज्वलनशील आणि स्फोटक पदार्थ, आणि धोकादायक म्हणून ठरवलेल्या प्रक्रिया. बाकी कामं त्याने केली तर कायद्याची हरकत नाही, अटी मात्र आहेत.

हे शीर्षकातले दोन शब्द, प्रतिबंध आणि नियमन, लक्षात ठेवा. आपल्याकडे सगळी चर्चा पहिल्यावर होते. पोस्टर त्याचं, धाड त्याची, पेपरातली बातमी त्याची. नियमन म्हणजे काय हे मी ज्या ज्या दुकानदारांना विचारलं, त्यांच्यापैकी कोणालाच सांगता आलं नाही. दोष एकट्या त्यांचा नाही.

आता ते सहा तास आले कुठून? १९८६ च्या मूळ कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांना बंदी नव्हती. परिशिष्टात दिलेल्या ठरावीक व्यवसायांत आणि प्रक्रियांत बंदी, बाकी ठिकाणी मूल कामाला ठेवता येत होतं. अशा बाकीच्या ठिकाणांसाठी कायद्याचा तिसरा भाग लिहिला गेला. तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती, एकूण सहा तास, रात्री सात ते सकाळी आठ काम नाही, ओव्हरटाइम नाही, एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. डोळ्यांसमोर होता बारा-तेरा वर्षांचा पोर. २०१६ मध्ये चौदाखालच्यांना सरसकट बंदी आली आणि या तिसऱ्या भागाला कुणी मालक उरला नाही. तेव्हा संसदेने काय केलं? त्या कलमांमधला 'बालक' हा शब्द काढला आणि जागी 'किशोरवयीन' घातला. बाकी मजकूर बहुतांशी तोच.

म्हणजे बारा वर्षांच्या मुलासाठी शिवलेला सदरा साडेसतरा वर्षांच्या मुलाला घातला आहे. मला यात वाईट हेतू दिसत नाही, घाई दिसते. पण परिणाम बघा. हॉटेलचा धंदा सकाळी सहाला पोहे-चहाने सुरू होतो आणि संध्याकाळी सातनंतर भरात येतो. वडापावच्या गाडीचं गणित तेच. पेपर टाकणाऱ्या मुलांचं तर बोलायलाच नको. पहाटे पेपर टाकून शिकलो, हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी यशोगाथांत असतं. एजन्सीने पंधरा वर्षांच्या मुलाला पगारावर ठेवून साडेपाचला सायकलवर पाठवलं, तर ते या कायद्याच्या चौकटीत बसत नाही. आपण त्या यशोगाथेला टाळ्या देतो. टाळ्या देऊ नका असं म्हणत नाही, फक्त किती गोष्टी आपल्याला कायद्याच्या बाहेर असूनही नैसर्गिक वाटतात तेवढं बघा.

याच देशात त्याच वयाच्या मुलाने कारखान्यात काम केलं तर हिशोब वेगळा होता. १९४८ च्या कारखाने कायद्यात (२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने २०२५ मध्ये ज्या तेरा कायद्यांची जागा घेतली, त्यांतला हा एक) चौदाच्या आत प्रवेश नव्हता, चौदा ते पंधरा म्हणजे 'बालक' आणि रोज साडेचार तास, पंधरा ते अठरा म्हणजे 'किशोर'. या किशोराला सर्टिफाइंग सर्जनने तपासून 'प्रौढाचं काम करण्यास लायक' असा दाखला दिला, की तासांच्या बाबतीत तो प्रौढ समजला जाई. सतराच्या आत असेल तर मात्र सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात. दाखला बारा महिन्यांपुरता असे. त्याची फी मालकाला भरावी लागे, मुलाकडून किंवा आईबापांकडून वसूल करता येत नसे. आणि कामावर असताना त्या दाखल्याचा क्रमांक असलेला बिल्ला मुलाला जवळ बाळगावा लागे.

तर त्या कायद्यात कारखान्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाला वैद्यकीय तपासणी, दाखला, बिल्ला होता. किराणा दुकानातल्या सोळा वर्षांच्या मुलाला यातलं काही नाही. त्याला कामावर घेण्याआधी कुणालाही काहीही विचारावं लागत नाही. माझ्या संशोधनाचा गाभा हाच आहे: आपल्या कायद्यात अल्पवयीनाला 'परवानगी' कुठे लागते, कुठे लागत नाही, आणि त्याने काय फरक पडतो.

परवानगीचं सर्वांत कडक उदाहरण ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. ते आहे मालिका, जाहिराती आणि सिनेमातल्या बालकलाकारांचं. चौदाखालच्या बंदीला जे दोन अपवाद आहेत त्यांतला हा एक. २०१७ च्या नियमांनुसार निर्मात्याला मुलाला घेऊन चित्रीकरण करायचं असेल तर त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. ती सहा महिन्यांपुरती असते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांच्या वर नाही, सलग सत्तावीस दिवसांच्या वर नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची. मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकायचे, ते सज्ञान झाल्यावर त्यालाच मिळतात. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. प्रत्यक्षात हे सगळं काटेकोर पाळलं जातं असा माझा दावा नाही. पण कागद आहे, आणि कागद आहे म्हणजे उद्या कुणी तक्रार केली तर बोट ठेवायला जागा आहे.

साबणाच्या जाहिरातीतल्या सात वर्षांच्या मुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची सही. तोच साबण गोडाऊनमधून उचलणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी कुणाचीच नाही.

तुम्ही म्हणाल, त्याच्यासाठी रजिस्टर आहे ना. आहे. किशोरवयीनाला कामावर ठेवणाऱ्या आस्थापनेने तीस दिवसांत निरीक्षकाला लेखी कळवायचं, आणि एक रजिस्टर ठेवायचं: मुलाचं नाव, जन्मतारीख, कामाचे तास, विश्रांतीची वेळ, कामाचं स्वरूप. आठवड्याच्या सुट्टीचा वार पाटीवर लिहून लावायचा, आणि तो तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो. 'आस्थापना' म्हटल्यावर मोठं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, पण कायद्याच्या व्याख्येत दुकान, वर्कशॉप, हॉटेल, खानावळ, थिएटर आणि शेतसुद्धा आहे.

पण हे रजिस्टर लिहायचं मालकाने. आता मालकाच्या जागी बसून विचार करा. खरे तास लिहिले तर तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा तयार करताय. खोटे लिहायचे तर मुळात लिहायचे कशाला? तिसरा मार्ग सोपा: मुलगा रजिस्टरवर नाहीच. विचारलं तर "भाच्चा आहे, सुट्टीत आलाय." गेल्या दोन वर्षांत मी पाहिलेल्या दुकानांत हे रजिस्टर मला एकदाही दिसलं नाही. हजेरीचं मस्टर बऱ्याच ठिकाणी होतं, पण त्यात ही मुलं नव्हती.

शिक्षेचं प्रमाण बघितलं की हे आणखी उमगतं. चौदाखालच्या मुलाला कामावर ठेवलं, किंवा किशोरवयीनाला धोकादायक कामाला लावलं, तर सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र. तास मोडले, रजिस्टर नाही ठेवलं, निरीक्षकाला नाही कळवलं, तर एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साहजिकच धाड पडते तेव्हा शोध असतो तो पहिल्या गुन्ह्याचा. प्रश्न एकच विचारला जातो: मुलगा चौदाच्या वर की खाली? खाली असेल तर पुढचं सगळं चक्र फिरतं, बालकल्याण समिती, पुनर्वसन निधी. वर असेल तर मालक सुटल्याचा श्वास सोडतो, आणि मुलगा परत फडकं हातात घेतो. तो किती वाजता आला आणि किती वाजता जाणार, हे विचारायला त्या क्षणी कुणालाच वेळ नसतो.

आणि तो एक प्रश्न तरी सोपा आहे का? वयावरून वाद झाला आणि वयाचा दाखला नसेल, तर निरीक्षकाने प्रकरण वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचं. शाळेचा किंवा जन्माचा दाखला हाती नसला की शेवटी हाडांच्या एक्स-रेवरून वय ठरतं. या चाचणीत दोन वर्षं इकडे किंवा दोन वर्षं तिकडे चूक होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नोंदवलेलं आहे. रेष चौदावर आणि मोजपट्टीची चूक दोन वर्षांची. तेरा वर्षांचा मुलगा कागदावर पंधराचा व्हायला एवढं पुरे.

आता दुसरा अपवाद: कुटुंबाला मदत. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या कामात, चौदाखालचं मूल घरच्या उद्योगात मदत करू शकतं. २०१६ मध्ये यावर खूप टीका झाली, आणि ती रास्त होती, कारण कायद्यातल्या 'कुटुंबा'त आईवडील आणि भावंडांबरोबर काका, आत्या, मामा, मावशीही आहेत. "भाच्चा आहे" हे उत्तर इथूनच येतं. पण २०१७ चे नियम वाचले तर ते बरेच कडक आहेत. तीन तासांच्या वर नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ नाही, गृहपाठाच्या आड येता कामा नये, आणि कुटुंब स्वतः त्या उद्योगाचं चालक असलं पाहिजे.

शेवटची अट महाराष्ट्रात फार महत्त्वाची आहे. उसाच्या फडावर जा. दिवाळीनंतर मराठवाड्यातून कुटुंबं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. मुलं बरोबर. बारा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, मोळ्या बांधायला हात लावते, चौदा-पंधराचा मुलगा सरळ तोडायलाच लागतो. याला सगळे 'घरच्यांना मदत' म्हणतात. पण फड त्या कुटुंबाचा नाही, कारखाना तर नाहीच नाही. कुटुंब इथे चालक नाही, मजूर आहे. नियम शब्दशः वाचले तर हा अपवाद त्यांना लागू होत नाही. आणि चौदाच्या वरच्या मुलाचं काय? शेत ही आस्थापना आहे, तेव्हा त्याला सहा तासांचा नियम लागू असायला हवा. तोड पहाटे अंधारात सुरू होते, गाडी रात्री भरली जाते. रजिस्टर कुणी ठेवायचं? शेतकऱ्याने, मुकादमाने की कारखान्याने? मी हा प्रश्न वेगवेगळ्या कार्यालयांत विचारला, प्रत्येकाने पुढच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

याच नियमांत एक छोटी तरतूद आहे, जी मला सगळ्यांत कामाची वाटते आणि जिच्याबद्दल शिक्षकांनाही फारसं ठाऊक नसतं. शाळेत जाणारं मूल न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिलं, तर मुख्याध्यापकांनी ते संबंधित नोडल अधिकाऱ्याला कळवायचं. म्हणजे मूल कामाला लागलंय हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल, याचा विचार इथे कुणीतरी केलेला आहे. अडचण अशी की ही तरतूद चौदाखालच्यांपुरती आहे. शिक्षणहक्क कायदाही सहा ते चौदापुरताच. आठवी झाली की हजेरीपटावरून नाव गळालं तरी कुणाचा फोन वाजत नाही.

मग कामाआधी परवाना लागणं, हा उपाय आहे का? अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हा प्रकार माहीत असतो. कॅलिफोर्नियात पंधरा वर्षांच्या मुलाला उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करायचं असेल तर शाळेकडून 'वर्क परमिट' घ्यावं लागतं. मालक, पालक आणि शाळा, तिघांनाही कळतं की हा मुलगा कुठे काम करतोय. सगळ्या राज्यांत असं नाही. आर्कन्सा राज्याने २०२३ मध्ये सोळाखालच्यांसाठीची परमिटची अट काढूनच टाकली. तोवर तिथे वयाचा पुरावा, पालकांची संमती, कामाचं स्वरूप आणि वेळापत्रक द्यावं लागे. अट काढणाऱ्यांचं म्हणणं, हा नुसता कागदी जाच आहे. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, वय आणि तासांचे नियम तसेच राहिले तरी ते मोडले जातायत हे दाखवणारा माग पुसला गेला.

आपल्याला हा वाद नवा वाटायला नको, कारण मुंबईने तो शंभर वर्षांपूर्वी पाहिलाय. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने सातखालच्या मुलांना बंदी केली आणि सात ते बारासाठी नऊ तास ठरवले. (त्यामागे मुलांच्या कळवळ्याइतकीच लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईच्या गिरण्यांची वाटणारी धास्तीही होती, हा इतिहास तुम्हाला माहीत असेलच.) १८९१ मध्ये वय नऊ आणि तास सात झाले, १९२२ मध्ये वय बारा आणि तास सहा. मुलं 'हाफ टायमर' म्हणून ओळखली जात आणि त्यांना वयाचं सर्टिफिकेट लागे. लवकरच युक्ती निघाली: सकाळी एका गिरणीत एका सर्टिफिकेटवर, दुपारी दुसऱ्या गिरणीत दुसऱ्या सर्टिफिकेटवर. हे इतकं वाढलं की १९२६ मध्ये अशी दुहेरी नोकरी करू देणाऱ्या आईबापांना दंड करणारी दुरुस्ती करावी लागली. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही, हे आजच्या कायद्यातलं वाक्य त्या काळाची आठवण आहे.

त्यामुळे परवाना म्हणजे रामबाण, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे आणखी एक खिडकी म्हणजे आणखी एक चिरीमिरी, हेही कळतं. शिवाय परवाना दिला म्हणजे सरकारने अल्पवयीनांच्या कामाला मान्यताच दिली, असा आक्षेप घेणारे माझे सहकारी आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. तरीही माझा कल एका बाजूला आहे. बालकलाकाराच्या नियमांतलं तत्त्व, की अर्ज मालकाने करायचा आणि काम सुरू होण्याआधी करायचा, ते दुकान, हॉटेल आणि गोडाऊनला लावून बघायला हवं. आणि त्याची एक प्रत त्या मुलाच्या शेवटच्या शाळेकडे जायला हवी. तास सतरा वर्षांच्या मुलाला शोभतील असे थोडे वाढवले तरी चालतील. पाळता न येणारे सहा तास कागदावर ठेवून पंचाला बारा तास काम करू देण्यापेक्षा पाळता येणारे सात तास बरे.

दहावीची परीक्षा संपली की तुमच्याही घरात किंवा सोसायटीत विषय निघेल: पोरगं दोन महिने मोबाईलच्या दुकानात बसतं म्हणतंय. बसू दे. आधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: येण्या-जाण्याची वेळ काय, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, आणि रजिस्टरमध्ये नाव लिहिणार का. तिसऱ्या प्रश्नावर तो गडबडेल, गडबडू दे. वॉचमनच्या मुलासाठी किंवा कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या पोरासाठीही हेच प्रश्न विचारता येतात, त्याला नातं लागत नाही. उत्तरं धड मिळाली नाहीत तर १०९८ हा नंबर आहे, तो चौदावर संपत नाही, अठरापर्यंतच्या सगळ्यांसाठी आहे. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची किंवा जन्मदाखल्याची एक झेरॉक्स मालकाकडे देऊन मोकळं होऊ नका. दुसरी मुलाच्या स्वतःच्या खिशात असू द्या.